फ्रीज पुन्हा पुन्हा गार व्हायचा थांबतोय? आधी दिवस मोजा

वर फ्रीझरमध्ये बर्फ दगडासारखा आणि खाली ठेवलेलं दूध नासलेलं. आमच्या फ्रीजने हा खेळ दीड महिन्यात तीनदा केला. पहिल्यांदा मेकॅनिक आला, "गॅस कमी झालाय" म्हणाला आणि गॅस भरून गेला. अकरा दिवस फ्रीज छान चालला, मग पुन्हा तेच. दुसऱ्या खेपेला दुसरा मेकॅनिक आला, त्यानेही गॅसच भरला. पुन्हा दहा-बारा दिवस बरे गेले. तिसऱ्यांदा मात्र मी कुणालाच बोलावलं नाही. सामान बाहेर काढलं, प्लग काढला, दोन्ही दारं उघडी टाकून एक अख्खा दिवस फ्रीज तसाच ठेवला आणि मग चालू केला. गॅसचा थेंबही न भरता तो बारा दिवस चालला.

तेव्हा माझी ट्यूब पेटली. आधीच्या दोन्ही वेळा फ्रीज गॅसमुळे सुधारला नव्हताच. गॅस भरायच्या कामात तो काही तास बंद राहिला, आतला साचलेला बर्फ वितळला, आणि खरा गुण त्या वितळण्याचा होता.

म्हणून एकदाच बंद पडलेला फ्रीज आणि पुन्हा पुन्हा बंद पडणारा फ्रीज हे मी दोन वेगळे आजार धरतो. दुसऱ्या प्रकारात सगळ्यात मोठा पुरावा म्हणजे मधले दिवस. फ्रीजच्या दारावर एक कागद चिकटवा. कधी बिघडला, त्याआधी काय केलं होतं, किती वेळ बंद ठेवला, किती दिवस नीट चालला, एवढंच लिहा. मेकॅनिकला सांगायला याहून उपयोगी माहिती नाही.

आणि गॅसबद्दल एक गोष्ट आत्ताच सांगून टाकतो. फ्रीजमधला गॅस म्हणजे गाडीतलं पेट्रोल नव्हे. तो वापरून संपत नाही. बंद नळ्यांमधून तोच गॅस वर्षानुवर्षं फिरत राहतो. तो कमी झाला असेल तर कुठेतरी गळती आहे, आणि गळती न शोधता भरलेला गॅस त्याच वाटेने पुन्हा जाणार.

आधी खरंच गार होत नाही ना, ते बघा

हाताला गार लागणं हे माप नाही. पाण्याने भरलेल्या ग्लासात थर्मामीटर बुडवून मधल्या कप्प्यात रात्रभर ठेवा. दार उघडलं की हवेचं तापमान लगेच बदलतं, पाण्याचं तितकं पटकन बदलत नाही, म्हणून ग्लास. खालच्या भागात ४ अंश सेल्सिअस किंवा कमी आणि फ्रीझरमध्ये उणे १८ च्या आसपास असेल तर फ्रीज ठीक आहे.

बाकी प्राथमिक गोष्टी पटकन उरकतो. नॉब कुणाचा हात लागून फिरला नाही ना? आतल्या हवेच्या झडपांसमोर डबे ठासून भरलेले नाहीत ना? दारावर डिजिटल पॅनेल असेल तर डेमो मोड लागलेला नाही ना? दुकानात मांडण्यासाठी हा मोड असतो. त्यात दिवे लागतात, आकडे दिसतात, पण कंप्रेसर चालत नाही. मुलांनी बटणं दाबून तो लावल्याची उदाहरणं मी पाहिली आहेत. तो काढायची पद्धत पुस्तिकेत असते.

आतल्या पदार्थांचं काय? दार बंद ठेवलं तर खालचा भाग साधारण ४ तास सुरक्षित राहतो, गच्च भरलेला फ्रीझर ४८ तास आणि अर्धा भरलेला २४ तास. त्यापुढे नासणाऱ्या वस्तूंच्या वासावर किंवा चवीवर भरवसा ठेवू नका. आजारी पाडणारे सगळेच जंतू वास सोडत नाहीत.

कान लावा, हात लावा

मागे जाऊन कंप्रेसर ऐका. तो एकसारखा घुमतोय, अधूनमधून "टक" करून गप्प होतोय, की मुळात आवाजच नाही? मग मागच्या काळ्या जाळीला हात लावा. नव्या बऱ्याच फ्रीजना जाळी दिसत नाही, ती बाजूच्या पत्र्याच्या आत असते. त्यामुळे बाजू गरम लागल्या तर घाबरू नका, उष्णता बाहेर टाकली जातेय असाच त्याचा अर्थ. उलट कंप्रेसर तासन्‌तास चालतोय आणि जाळी किंवा बाजू कोमटसुद्धा नाहीत, तर काळजीचं कारण आहे. आणि फ्रॉस्ट-फ्री, म्हणजे बर्फ आपोआप वितळवणारा फ्रीज असेल तर फ्रीझरमधल्या पंख्याचा आवाज ऐका. दार उघडलं की बहुतेक मॉडेलमध्ये पंखा थांबतो, म्हणून दाराच्या चौकटीतलं दिव्याचं बटण बोटाने दाबून धरायचं. काहींमध्ये पंखा कंप्रेसरनंतर काही मिनिटांनी सुरू होतो, तेवढा धीर धरा.

कंप्रेसर चालतोय, पंखा चालतोय, वर गार आणि खाली गरम, आणि हे दर आठ-पंधरा दिवसांनी होतंय, असं चित्र असेल तर पुढचा भाग तुमच्यासाठीच.

वर बर्फ, खाली गरम: डीफ्रॉस्टचा बिघाड

फ्रॉस्ट-फ्री फ्रीजमध्ये गार करणारी कॉइल दिसत नाही. ती फ्रीझरच्या मागच्या पॅनेलच्या आत असते. पंखा तिच्यावरून हवा ओढतो, थोडी फ्रीझरमध्ये सोडतो आणि उरलेली एका वाटेने खाली पाठवतो. म्हणजे खालचा भाग स्वतःहून गार होतच नाही. तो वरून येणाऱ्या हवेवर जगतो.

दार उघडलं की बाहेरची दमट हवा आत येते आणि तिच्यातलं पाणी कॉइलवर बर्फ होऊन बसतं. हे रोजचंच आहे. म्हणून दर काही तासांनी कंप्रेसर थांबतो, कॉइलखालचा हीटर पंधरा-वीस मिनिटं चालतो, बर्फ वितळतो आणि पाणी नळीतून मागच्या ट्रेमध्ये जातं. यालाच डीफ्रॉस्ट म्हणतात, आपल्याला त्याचा पत्ताही लागत नाही. जुन्या फ्रीजमध्ये हे टायमर करतो, नव्यांत इलेक्ट्रॉनिक बोर्ड.

ही साखळी कुठे तुटली की बर्फ वितळत नाही. रोज थोडा थोडा वाढतो, कॉइलच्या फटी बुजतात, हवा जायला जागा उरत नाही. खालच्या भागाचा पुरवठा आधी तुटतो. फ्रीझर कॉइलला चिकटून असल्यामुळे तो बरेच दिवस तग धरतो, आणि म्हणूनच "वर तर बर्फ होतोय, मग बिघाड कसला?" असं वाटत राहतं. फटी बुजायला जितके दिवस लागतात, तितक्या दिवसांनी तक्रार परत येते. पावसाळी दमट हवेत हे अंतर कमी होतं, कोरड्या हवेत वाढतं. माझ्या कागदावर ते नेमकं दिसत होतं.

आता तपासणी. प्लग काढूनच, हे वेगळं सांगायला नको. फ्रीझर रिकामा करा आणि मागच्या पॅनेलचे स्क्रू काढा. पॅनेल सहज निघत नसेल तर ओढू नका, आतून बर्फाने धरलेलं असतं आणि प्लॅस्टिक तडकतं. थोडा वेळ दार उघडं ठेवा, मग निघेल. पण सगळा बर्फ वितळायच्या आत एकदा कॉइल बघाच आणि फोटो काढा. तो फोटो म्हणजे निम्मं निदान.

कॉइल वरपासून खालपर्यंत पांढऱ्या जाड बर्फात बुडालेली दिसली तर गॅस व्यवस्थित आहे, डीफ्रॉस्ट बंद आहे. सगळ्या कॉइलवर एकसारखा पातळ थर असेल तर गॅसही ठीक आणि डीफ्रॉस्टही ठीक. पंख्याकडे किंवा खाली हवा सोडणाऱ्या झडपेकडे बघा. आणि एकाच टोकाला बर्फाचा गोळा, बाकी कॉइल कोरडी, असं दिसलं तरच गॅस कमी असल्याचा संशय घ्यायचा. आमच्याकडे आलेल्या दोघांपैकी एकानेही हे पॅनेल उघडलं नव्हतं.

आता बर्फ पूर्ण वितळू द्या. खाली जाड फडकी घाला, समोर टेबल पंखा लावा. सुरी, स्क्रूड्रायव्हर, चमचा, काहीही खुपसू नका. कॉइल बहुधा ॲल्युमिनियमची असते, एक भोक पडलं की मग खरंच गॅस जातो. खाली जाणाऱ्या हवेच्या वाटेतला बर्फ सगळ्यात शेवटी वितळतो, म्हणून चार तासांत उरकू नका, रात्रभर तरी ठेवा.

यानंतर मल्टिमीटर हाताळता येत असेल तर तीन भाग तपासायचे. येत नसेल तर इथेच थांबा आणि फोटो घेऊन मेकॅनिककडे जा.

हीटर: दोन्ही टोकांची वायर सुटी करून ओहम मोजा. त्यावर वॅट लिहिलेले असतील तर व्होल्टेजचा वर्ग भागिले वॅट, एवढा रोध यायला हवा. २३० व्होल्टवर चालणारा २०० वॅटचा हीटर साधारण २६५ ओहम दाखवतो, १५० वॅटचा ३५० च्या आसपास. काहीच आकडा आला नाही तर हीटर तुटलेला आहे. काचेच्या नळीचा हीटर असेल तर नळी काळी पडलेली किंवा तडकलेलीही दिसते.

थर्मल फ्यूज: हा नेहमीच जोडलेला दिसायला हवा. उडालेला असेल तर नवा बसवा, आणि तो का उडाला तेही शोधा. फ्यूज वगळून वायर थेट जोडून चालू करणारे महाभाग असतात. हीटर वेळेवर थांबला नाही तर आग लागू नये म्हणून तो तिथे असतो, त्यामुळे ही वायर कधीही थेट जोडू नका.

बायमेटल: कॉइलला चिमट्याने लावलेली ही गोल टिकली. इथे बरेच जण फसतात. खोलीच्या तापमानाला ती मीटरवर कंटिन्युइटी, म्हणजे जोडणी, दाखवत नाही, आणि लगेच "गेली" असा निकाल लागतो. पण तिचं कामच ते आहे: थंडीत जोडायचं, कॉइल तापली की तोडायचं. तिची परीक्षा थंडीतच घ्यावी लागते. टिकली पिशवीत घाला, ठेचलेल्या बर्फात भरपूर मीठ मिसळा आणि त्यात ती पंधरा मिनिटं ठेवा. मिठामुळे तापमान शून्याच्या बरंच खाली जातं. नुसता बर्फ पुरत नाही. तरीही जोडली नाही तर टिकली बाद. आमच्या फ्रीजमध्ये हीच निघाली. फुगून तिचं झाकण वर आलं होतं, नुसत्या नजरेलाही कळलं असतं.

बोर्डवाल्या मॉडेलमध्ये बायमेटलऐवजी तापमानाचा सेन्सर असतो. तो गार केला की त्याचा रोध वाढायला हवा. बर्फाच्या पाण्यात एकदा आणि खोलीत एकदा मोजून बघा. दोन्हीकडे तोच आकडा आला तर सेन्सर बिघडला.

तिन्ही भाग ठीक असतील आणि जुना टायमर असेल तर त्याच्या खाचेत चपटा स्क्रूड्रायव्हर घालून हळूहळू फिरवा. एका ठिकाणी "टक" होतं. मग बायमेटल थंडीने जोडलेली असताना प्लग लावला की कंप्रेसर गप्प राहून हीटर तापायला लागतो. असं हाताने फिरवून हीटर चालतो पण आपोआप कधीच चालत नाही, म्हणजे टायमर गेला.

पॅनेल परत लावायच्या आधी तळाच्या छिद्रात कोमट पाणी ओतून बघा. पाणी मागच्या ट्रेमध्ये पोहोचलं पाहिजे. छिद्र बुजलेलं असेल तर वितळलेलं पाणी तिथेच गोठतं, वाढत वाढत पंख्याला लागतं आणि खर्रखर्र आवाज येतो, नाहीतर खालच्या भागात पाणी ठिबकतं. ही फुकटात होणारी दुरुस्ती आहे, आणि दुरुस्त न केल्यास तुम्ही नव्या बायमेटलला दोष देत बसाल.

एक दारी, साधा फ्रीज

यात पंखा नाही, हीटर नाही. बर्फ आपणच वितळवायचा असतो. अर्ध्या सेंटिमीटरपेक्षा जाड थर झाला की बर्फच गारव्याच्या आड येतो. नॉबच्या मधलं डीफ्रॉस्टचं बटण दाबलं की कंप्रेसर थांबतो आणि बर्फ गेल्यावर बटण आपोआप बाहेर येतं. ते आतच अडकलं तर फ्रीज सुरू होत नाही. हे बटण हलवून पाहणं दहा सेकंदांचं काम, पण कुणाला सुचत नाही. थर्मोस्टॅटची बारीक नळी फ्रीझरच्या पत्र्याला घट्ट टेकलेली आहे ना, तेही बघा. सुटली की फ्रीज बहुधा थांबतच नाही.

थंडीच्या दिवसांतली एक विचित्र तक्रार इथेच सांगतो. एकच थर्मोस्टॅट असलेल्या दोनदारी फ्रीजमध्ये खोली फार थंड झाली की खालचा भाग कंप्रेसर न लागताच गार राहतो. कंप्रेसर लागत नाही म्हणून फ्रीझर वितळायला लागतो. फ्रीजवर हवामानाचा वर्ग छापलेला असतो: एन म्हणजे १६ ते ३२ अंश, एसटी १६ ते ३८, टी १६ ते ४३. खोली त्याबाहेर गेली तर तो बिघाड नाही.

काही तासांत येतं, काही तासांत जातं

गारवा येतो, जातो, पुन्हा येतो, पण अंतर दिवसांचं नसून तासांचं आहे. मधेच फुसफुस असा आवाज होतो आणि फ्रीज पुन्हा सुरळीत. हा बहुतेक वेळा ओलाव्याचा चोक. नळ्यांमध्ये शिरलेलं पाणी केसासारख्या बारीक कॅपिलरी नळीच्या तोंडाशी गोठतं, गॅस अडतो, कॉइल गरम होते, बर्फ वितळतो, गॅस सुटतो. आधी गॅसचं काम झालेल्या फ्रीजमध्ये हे जास्त दिसतं, कारण नळ्या उघडल्यावर ओलावा टिपणारा फिल्टर बदलला गेला नाही किंवा व्हॅक्युम, म्हणजे नळ्यांतली हवा आणि ओलावा पंपाने ओढून काढणं, नीट झालं नाही. घरी करण्यासारखं यात काही नाही, पण हे लक्षण तुमच्या तोंडून ऐकलं की मेकॅनिक सरळ मुद्द्यावर येतो.

टक... घूं... टक

कंप्रेसर काही सेकंद घुमतो, "टक" होतं, शांतता. थोड्या मिनिटांनी पुन्हा तेच. तो सुरू व्हायचा प्रयत्न करतो, जमत नाही आणि ओव्हरलोड नावाचा संरक्षक स्विच त्याची वीज तोडतो. पहिल्यांदा एक्स्टेन्शन काढून फ्रीज थेट भिंतीच्या सॉकेटला लावा. बारीक वायरमध्ये सुरू होतानाच्या झटक्याला व्होल्टेज पडतं. ठरावीक वेळीच, म्हणजे रोज संध्याकाळी वगैरे, हे होत असेल तर त्या वेळेचं व्होल्टेज मोजून फ्रीजच्या पाटीवरच्या आकड्याशी ताडून बघा. दोन्ही ठीक असेल तर रिले, म्हणजे कंप्रेसरला सुरू करून देणारा छोटा भाग. प्लग काढून कंप्रेसरच्या बाजूचा रिले ओढून काढा आणि कानाशी हलवा. आत तुकडे खुळखुळले तर तो गेला. शेजारी कपॅसिटर असेल तर त्याच्या टोकांना हात लावू नका, प्लग काढल्यावरही त्यात वीज राहू शकते. रिले नवा घालूनही "टक" थांबलं नाही तर कंप्रेसर जाम असण्याची शक्यता मोठी. इन्व्हर्टर कंप्रेसरला हा रिले नसतोच, त्याचा स्वतःचा बोर्ड असतो आणि त्यावरचा दिवा किती वेळा लुकलुकतो ते मोजून बिघाड कळतो.

एकदा बंद केलेला फ्रीज लगेच लावू नका, पाच मिनिटं थांबा. नळ्यांमधला दाब दोन्ही बाजूंना सारखा व्हायला तेवढा वेळ लागतो. प्लग काढ-घाल करत बसणं म्हणजे कंप्रेसरला दाबाविरुद्ध ढकलणं.

धूळ आणि दाराचं रबर यांवर सगळेच लिहितात, म्हणून थोडक्यात: जाळी वर्षातून दोनदा ब्रशने झाडा, भिंतीपासून पुस्तिकेत दिलेलं अंतर ठेवा, दारात कागद धरून दार लावा आणि ओढा, सहज निघाला तर तिथलं रबर सैल. साबणाच्या कोमट पाण्याने धुतल्यावर बरंचसं रबर पुन्हा धरतं. सैल रबरामुळे दमट हवा सतत आत येते आणि वर सांगितलेला बर्फ जास्त वेगाने साचतो, म्हणून डीफ्रॉस्टचं काम करताना रबरही बघून घ्याच.

खरंच गॅस असेल तर

कंप्रेसर न थांबता चालतोय, जाळी गार, कॉइलच्या एकाच टोकाला बर्फ, आणि रात्रभर बंद ठेवूनही फरक नाही. तर गळती, नाहीतर कंप्रेसरची दाब देण्याची ताकद संपलेली. दोन्हींत फरक दाब मोजणारं गेज लावूनच कळतो. नळ्यांच्या जोडांवर तेलाचा ओशट डाग दिसला तर गळती तिथेच असण्याचा संभव जास्त, कारण गॅसबरोबर थोडं तेलही बाहेर येतं.

कंप्रेसरवरचा स्टिकर वाचा. ओझोनचा थर वाचवण्यासाठी झालेल्या १९८७ च्या मॉन्ट्रियल करारानंतर जुना आर-१२ गॅस हळूहळू गेला, मग आर-१३४ए आला आणि आता घरगुती फ्रीजमध्ये बहुधा आर-६००ए म्हणजे आयसोब्युटेन असतो. तो ज्वलनशील आहे. नळ्यांत गॅस असताना किंवा बंद खोलीत ज्योत लावणाऱ्याला तिथेच थांबवा, खिडक्या उघडा. शिवाय या गॅसच्या फ्रीजमध्ये गार बाजूचा दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी असू शकतो. म्हणजे त्या बाजूच्या भोकातून कंप्रेसर चालू असताना गॅस बाहेर जाण्याऐवजी हवा आणि ओलावा आत ओढला जातो. गॅस भरला, चार दिवस चालला, मग चोक झाला, अशा तक्रारींमागे हे असू शकतं.

भरायचा गॅस किती ग्रॅम ते स्टिकरवर लिहिलेलं असतं, आणि आर-६००ए चा आकडा अगदी लहान असतो, बहुधा शंभर ग्रॅमच्याही आत. अंदाजाने भरलेला दहा ग्रॅम जास्त गॅससुद्धा कूलिंग बिघडवतो. म्हणून नळी कापायच्या आधी मेकॅनिकला एवढं विचारा: गळती कुठे सापडली, नायट्रोजनने दाब देऊन तपासणार का, फिल्टर नवा घालणार का, व्हॅक्युम किती वेळ चालवणार, आणि वजनकाटा आणला आहे का. पहिल्याच प्रश्नाला "भरून बघू" असं उत्तर आलं, तर फ्रीझरच्या मागचं पॅनेल उघडून आधी कॉइल दाखवायला सांगा.